तिकिटाला जेवण जोडून देणारे काका

वॉटर पार्कचं तिकीट काढायला आलेल्या माणसाला "तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं?" असं विचारणारा एजंट अख्ख्या पुण्यात एकच असावा, आणि माझ्या नशिबाने मला नोकरी नेमकी त्याच्याकडे लागली.

नारायण पेठेत एक पुस्तकबांधणीवाला आणि एक पिठाची गिरणी यांच्या मधे काकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि भिंतीवर घसरगुंडीवरून किंचाळत येणाऱ्या कुटुंबाचं एक भलंमोठं पोस्टर. गिरणीमुळे त्या कुटुंबाच्या अंगावर कायम पिठाचा पातळ थर असायचा. घाटाखाली एक्सप्रेसवेच्या बाजूला पाण्याची आणि पाळण्यांची जी मोठी पार्कं आहेत त्यांची तिकिटं आणि त्यांना लागून असलेल्या रिसॉर्टांमधल्या खोल्या आम्ही विकायचो. हल्ली हे सगळं फोनवर अंगठा फिरवला की मिळतं. तरी लोक काकांकडे यायचे, कारण फोनवर तिकीट मिळतं, जुळवणी मिळत नाही.

जुळवणी हा काकांचा शब्द. त्यांचं म्हणणं असं, की सुट्टीचा विचका पाळण्यात होत नाही, जेवणात होतो. रिसॉर्टवाला मोठ्या प्रेमाने तीन वेळच्या जेवणाचा प्लॅन गळ्यात मारतो. तुम्ही सकाळी पार्कात शिरता, दुपारी ओल्या कपड्यांत भुकेने कळवळता, आणि तुमचं जेवण तिकडे रिसॉर्टच्या हॉलमध्ये झाकून ठेवलेलं असतं. पार्काच्या बाहेर पडलात तर परत आत घेत नाहीत. मग आत पुन्हा जेवण विकत घ्या, आणि त्यावरून नवराबायकोत संध्याकाळपर्यंत अबोला. म्हणून पार्काच्या तिकिटाला दुपारच्या जेवणाचं कूपन जोडायचं आणि रिसॉर्टकडून फक्त नाश्ता आणि रात्रीचं घ्यायचं. पण बरोबर आजोबा असतील, आणि ते दुपारी थकून खोलीवर परतणार असतील, तर त्यांचं एकट्याचं उलटं करायचं. एकाच घरातल्या माणसांना काका वेगवेगळे प्लॅन लावायचे. मुलीच्या बापाने पत्रिका बघाव्यात तशी तिकिटं आणि जेवणं समोरासमोर ठेवून चष्मा वर-खाली करत बसायचे. मी कॉम्प्युटरवर हात ठेवून वाट बघायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे.

आणि मग तो प्रश्न. गिऱ्हाईक गडबडायचं. "म्हणजे?"

"म्हणजे सगळे उठल्यावर ओट्यापाशी उभं राहून कोण जेवतं? आई की बायको?"

बहुतेक पुरुष बायकोकडे बघायचे. बायको पोस्टरकडे बघायची. काकांना उत्तर मिळायचं.

"यांचा प्लॅन पूर्ण. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं आणि चारचा चहासुद्धा. आता तुमचं बघू."

ज्यांना डबे घेऊन जायचे असत त्यांना काका तिकीटच द्यायचे नाहीत. पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, त्यामुळे हे लोक पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून पंगत मांडतात. काकांना त्याचा भयंकर राग. "ज्या बाईने पहाटे उठून चाळीस पोळ्या लाटल्या तिला तुम्ही पाळण्यात काय बसवताय? तिला चक्कर आधीच आलेली आहे," असं तोंडावर सांगायचे.

एकदा खडकवासल्याच्या पुढच्या एका गावातले एक शेतकरी आले. गाव आता महापालिकेत गेलेलं, शेतावर बिल्डिंगा उभ्या राहिलेल्या. त्यांनी पांढरी शुभ्र मोठी गाडी गल्लीत अशी लावली की गिरणीचं गिऱ्हाईकही आत येईना. बरोबर बायको होती, ती दारातच उभी राहिली.

"घरची सगळी माणसं हायेत. फकस्त तिकिटं द्या. जेवणाचं आमचं आमी बघतो," ते म्हणाले.

"कोण बघतं?" काका.

"बाया हायेत की घरात. पहाटं उठून भाकऱ्या थापत्यात, पिठलं करत्यात. दर साली आसंच हाय आमचं."

"त्या पाळण्यात बसतात का?"

"आवो, तिकीट काढतो की त्यांचं बी!"

"काढता हो. पण बसतात का?"

तेवढ्यात दारातून बायको म्हणाली, "म्या तर गेल्या साली झाडाखाली झोपले व्हते. जाग आली तवा समदी निघाली व्हती."

"बघा," काका म्हणाले. "झोपायलाच न्यायचं तर एवढं तिकीट कशाला काढता? घरी झोपू द्या की त्यांना."

एवढं मोठं गिऱ्हाईक आता गाडी काढून जाणार, असं वाटलं. पण ते गृहस्थ खो खो हसले आणि सगळ्यांची जेवणं घेऊन गेले. पुढच्या महिन्यात येऊन त्यांनी इंद्रायणी तांदळाची एक पिशवी टेबलावर ठेवली. बायको सगळ्यात उंच घसरगुंडीवरून दोनदा आली म्हणे, आणि तिसऱ्यांदा जायला निघाली तेव्हा तिला हाताला धरून आणावं लागलं.

दर वेळी असं गोड होत नसे. एकदा आयटीतलं एक तरुण जोडपं आलं. मुलगा म्हणाला, "काका, वी आर इक्वल पार्टनर्स. आम्ही दोघं एकत्रच जेवतो, सो तो प्रॉब्लेम नाहीये."

"छान. भांडी?"

"भांड्यांना मावशी आहेत."

"मग त्या शेवटी जेवतात. त्यांना नेताय का?"

मुलगी हसली, मुलगा नाही हसला. दोघं काही न घेता निघून गेले आणि मी दिवसभर काकांशी बोलले नाही. संध्याकाळी निघताना काका म्हणाले, "रागावलीस?" मी म्हटलं, "नाही. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून मी तुमची विनोदबुद्धी ऐकायलाच येते." त्यावर ते मनापासून खूश झाले. पेठेतल्या माणसाला टोमण्याची दाद टोमण्यानेच द्यावी लागते, हे मला एव्हाना कळलं होतं.

गिऱ्हाईक सुट्टीवर गेलं तरी काकांच्या हातून सुटायचं नाही. दुपारी दीड वाजता ते फोन करायचे. "आता जा. रांग कमी असेल. उशीर केलात तर पापड संपतो." एकदा एका बाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला फोन कानाला लावून ओरडून सांगितलं, "काका, मी धबधब्याखाली आहे!" काका म्हणाले, "मग बाहेर या. वरण गार होईल." मला वाटायचं, लोक एक दिवस वैतागून पोलिसात जातील. पण त्याच बाई परत आल्यावर पेढे घेऊन आल्या. मला वाटतं, आपण जेवलो की नाही हे विचारणारा माणूस सगळ्यांनाच हवा असतो. फक्त तो धबधब्याखाली नको असतो.

रिसॉर्ट नवं असेल तर काका स्वतः जाऊन जेवून यायचे. खोली बघायचे नाहीत, तलाव बघायचे नाहीत. परत आले की शेरा द्यायचे, "वरण पातळ आहे, पण वाढणारी माणसं चांगली आहेत. पाठवायला हरकत नाही." पाळण्यात ते जन्मात बसले नाहीत. एखाद्या मोठ्या ग्रुपबरोबर गेले तर लोकांच्या चपला, चष्मे आणि पिशव्या सांभाळत बाकावर बसायचे. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "सगळेच वर गेले तर चपलांजवळ कोण बसणार?" खरं म्हणजे ते घाबरायचे. दुकानाच्या पायरीवरूनही ते कठड्याला धरून उतरायचे.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण काकांचा सगळा वेडेपणा तिथूनच निघत होता आणि तिथेच जाऊन आपटत होता.

काकांचं घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. दुपारी काकू स्वतः डबा घेऊन दुकानात यायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, नाकात मोत्याची चमकी, आणि जीभ काकांपेक्षा धारदार. डबा दोघांचा असायचा, म्हणजे काकांचा आणि माझा. माझा डबा मी घरून आणते, असं मी पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं. काकूंनी माझा डबा उघडून बघितला, "हं" म्हणाल्या आणि झाकण लावून टाकलं. तेव्हापासून मी डबा आणणं बंद केलं.

त्या आमच्यासमोर तिसऱ्या खुर्चीत बसून आम्हाला जेवताना बघायच्या. "वाढू?" असं विचारायच्या, पण तो प्रश्न नसायचाच. तोपर्यंत पोळी ताटात पडलेली असायची. आमचं झालं की डबे उचलून घरी जायच्या आणि मग स्वतः जेवायच्या. त्या कधी आमच्याबरोबर जेवायला बसल्याचं मला आठवत नाही.

"जगातल्या बायकांना सुट्टी देतात हे," त्या मला सांगायच्या. "घरातलीला काही नाही."

"तुला विचारलं की तू नको म्हणतेस," काका म्हणायचे.

"नको म्हणणारच. तिथली आमटी कोण खाणार?"

"आमटी इथलीही मीच खातो. तू कुठे खातेस? तू उरलेली खातेस."

"उरलेली म्हणून चांगली लागते," काकू म्हणायच्या आणि विषय संपवायच्या.

काका उभ्या पुण्याच्या बायकांना हातातली पळी खाली ठेवायला लावायचे, आणि त्यांच्या घरातल्या बाईला पळी खाली ठेवायचीच नव्हती. मला याचं फार हसू यायचं. काकांना येत नसे.

मग काकूंचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, तेव्हा त्या "गारठा आहे" म्हणायच्या. मे महिन्यातही गारठाच होता. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं. आणि एके दिवशी डबा आला नाही. उकळती आमटी उतरवताना पातेलं हातातून सुटलं आणि काकूंचा पाय भाजला होता.

त्यांचा मुलगा बाणेरला राहतो. मुलगा चांगला आहे. तो धावत आला, आईच्या पायाला मलम लावलं, दोन दिवसांत स्वयंपाकाला एक बाई ठेवली आणि सांगितलं, "आई, आता गॅसजवळ जायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही. बास झालं आयुष्यभर. आता आरामात बस, तुला सगळं हातात मिळेल." बायकोही त्याची चांगली आहे, तिने आईंसाठी काचेचं सगळं काढून हलकी ताटंवाट्या आणून दिल्या. कुणाचं काहीच चुकलं नव्हतं.

आणि काकूंनी जेवण सोडलं. रुसून वगैरे नव्हे. ताटावर बसायच्या, दोन घास खायच्या आणि "भूक नाही" म्हणून हात धुवायच्या. पोळ्या करणाऱ्या बाईच्या हाताला चव नाही म्हणावं, तर बाई बदलून पाहिली. दुसरीच्या वेळीही तेच. महिन्या-दीड महिन्यात काकू इतक्या उतरल्या की बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. तपासण्या झाल्या. पोटात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "अशाच राहिल्या तर त्यांना भरती करून नळीने अन्न द्यायची वेळ येईल. खायला घाला त्यांना."

खायला घाला. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या जेवणाची काळजी केली त्याला हे सांगितलं गेलं. काका दुकानात येऊन बसायचे आणि गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारायचे नाहीत. तिकीट मागितलं की तिकीट द्यायचे. दीड वाजता फोन करायचे तो घरी. "किती खाल्लं?" पलीकडून स्वयंपाकाच्या बाई काहीतरी सांगायच्या. काका फोन ठेवायचे आणि पोस्टरवरचं पीठ बोटाने पुसत उभे राहायचे. एका कुटुंबाला त्यांनी ज्या दिवशी ते दुपारीच परत निघणार त्या दिवशीचं रात्रीचं जेवण लावून दिलं आणि पोचायच्या रात्री काहीच नाही. ती माणसं उपाशी झोपली. त्या गृहस्थांनी येऊन आरडाओरडा केला, तेव्हा काका नुसते हात जोडून उभे राहिले. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मीच त्या गृहस्थांवर ओरडले.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आपण तिला घेऊन जाऊ."

"कुठे?"

"रिसॉर्टला. पूर्ण प्लॅन घेऊ. समोर इतके पदार्थ बघितले, हवा बदलली, तर भूक लागेल. लोकांना लागते की नाही?"

मलाही बरोबर जावं लागणार होतं, काकूंना साडीला आणि अंघोळीला हात हवा असायचा. काकू नाही म्हणतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "चला. एकदाचं तुमचं रिसॉर्ट बघून घेऊ. नाहीतर राहून जायचं." हे ऐकून काकांचा चेहरा उतरला.

रिसॉर्ट काकांच्या सगळ्यात आवडीचं, वरण घट्ट असलेलं. खिडकीतून पार्कातले पाळणे दिसत आणि किंचाळ्या ऐकू येत. काकूंनी एकदा तिकडे बघितलं आणि विचारलं, "यांना काय होतंय?" नाश्त्याच्या हॉलमध्ये काकांनी त्यांना मधल्या टेबलावर बसवलं आणि स्वतः ताटं भरून आणायला लागले. इडली आणली, पोहे आणले, उपमा आणला, कलिंगड आणलं, कसलातरी केक आणला. काकूंनी प्रत्येकाकडे नीट बघितलं. इडलीचा एक तुकडा मोडला आणि ठेवून दिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण इथे कुणी कुणाला वाढत का नाही? जो तो आपलं ताट घेऊन पळतोय."

"बुफे म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"काही का म्हणेनात."

दुपारीही तेच. आजूबाजूला ओल्या केसांची माणसं ताटं भरभरून जेवत होती, आणि काकांच्या समोर सात पदार्थ गार होत होते. काकूंनी भाताचं एक शीत उचललं. आणि काका एकदम ओरडले. मी त्यांना त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"मरायचंय का तुला? सांग मला. मरायचंय?"

शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. काकूंनी थरथरणारा हात मांडीवर घेऊन दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"अहो, हळू बोला," त्या म्हणाल्या. "मरायचं कशाला असेल? भूक लागत नाही, त्याला मी काय करू? कुणाच्या तरी ताटाकडे बघता बघता मला भूक लागायची. याला आणखी भात हवा, त्याचं लोणचं संपलं, हे बघत बघत पोटात कावळे ओरडायला लागायचे. आता मला नुसतं बसवतात आणि माझ्याकडे बघतात. तूसुद्धा बघतेस," हे मला. "सगळी टकाटका बघत असताना घास गिळायचा कसा?"

ताटं तशीच टाकून काका बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं. पार्काच्या फाटकाशी एका बाकावर ते बसले होते. शेजारी कुणाच्या चपला नव्हत्या. काय करावं ते मला कळेना, म्हणून मी काकूंना खोलीवर नेऊन झोपवलं.

संध्याकाळी ते परत आले ते थेट हॉलच्या मागच्या बाजूला गेले. तिथे देखरेखीला असलेल्या बाई काकांना ओळखत होत्या. काका त्यांच्याकडे गिऱ्हाइकं पाठवायचे आणि वरणाबद्दल तक्रारीही करायचे. मी मागे उभी होते.

"माझी बायको रात्री तुमच्याकडे वाढायला उभी राहील," काका म्हणाले.

बाई बघतच राहिल्या. "काका, तुम्ही सुट्टीवर आलाय. तुम्हीच सांगता ना की सुट्टीत बायकांनी..."

"सांगतो. माझं चुकत असेल. तिला उभं राहू द्या."

"गरम भांडी असतात हो. त्यांच्या हाताला..."

"गरम नको. पुऱ्या द्या तिच्याकडे. पडल्या तर पुऱ्या पडतील, त्यांचे पैसे मी देतो."

रात्री आठ वाजता, साडीवर पांढरा एप्रन आणि डोक्यावर जाळीची टोपी घालून काकू पुऱ्यांच्या परातीमागे उभ्या राहिल्या. हे काय सोंग, अशा नजरेने त्यांनी आमच्याकडे बघितलं. एका हातात चिमटा होता. पहिली पुरी उचलली ती थरथरत वर आली आणि परत परातीत पडली. दुसरी टेबलावर पडली. समोरची छोटी मुलगी ताट पुढे धरून शांतपणे थांबली होती. काकूंनी चिमटा ठेवला, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तिसरी पुरी हातानेच तिच्या ताटात ठेवली.

"एकच?" मुलगी म्हणाली.

"आधी ही खा. मग ये," काकू म्हणाल्या.

मुलगी आली. तिचा भाऊ आला. मग त्यांचे वडील आले. "अहो, तुम्ही भाजी घेतलीच नाहीत," काकूंनी त्यांना अडवलं. "कोरडी पुरी कशी खाणार? जा, घेऊन या आधी." तो एवढा मोठा बाप्या निमूट भाजीकडे गेला. पाच-दहा मिनिटांत त्या परातीसमोर रांग लागली. बाकीच्या पदार्थांमागे उभे असलेले वेटर माना उंचावून बघत होते. कुणी बटाटा टाकला, कुणी श्रीखंडाला हात लावला नाही, सगळ्याची झडती चालू होती. पुऱ्या खाली पडत होत्या, टेबलावर पडत होत्या, लोक ताट पुढे करून झेलत होते.

आणि रांगेत काका उभे होते. एका वेळी दीडच पोळी खाणारा माणूस हातात ताट धरून पुढे सरकत होता.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या.

"मला भूक लागलीये."

त्यांनी पुरी उचलली. हात डावीकडे गेला, काकांनी ताट डावीकडे नेलं. हात उजवीकडे आला, ताट उजवीकडे आलं. पुरी ताटात पडली. काका जाऊन बसले, समोर दिसेल अशा टेबलावर, आणि जेवले. परत रांगेत आले. आणखी एकदा आले. चौथ्यांदा आले तेव्हा काकू म्हणाल्या, "पोट आहे की पिंप? रात्री खोकत बसाल." पण पुरी वाढली.

हॉल रिकामा व्हायला लागला तशी काकूंनी टोपी काढली, पदराने मान पुसली आणि आमच्या टेबलाशी येऊन खुर्ची ओढली. "पाय दुखले बाई," त्या म्हणाल्या. आणि मग जरा वेळाने, कुणाला सांगावं की नाही अशा आवाजात, "काही उरलंय का तिकडे?"

काका उठले. कठड्याला धरून पायरी उतरणारा तो माणूस त्या हॉलमध्ये अक्षरशः पळाला. मी रुमाल शोधत होते, तो सापडेना.

पुण्याला परतल्यावर काकांनी मुलाला एवढंच सांगितलं की स्वयंपाक बाईच करतील, पण वाढणार तुझी आई. तो हो म्हणाला. पण वाढणार कुणाला? घरात काका एकटे. मी जेवायला जायचेच, पण मीही एकटीच, आणि काकूंना माझ्या भुकेची सगळी माहिती झालेली होती. दोन-तीन दिवस बरे गेले आणि परत "भूक नाही" सुरू झालं.

तेव्हा काका दुपारी एक वाजता आलेल्या गिऱ्हाइकाला सोडेनासे झाले. तिकीट काढलं, खोली ठरली, जेवणाची जुळवणी झाली, की म्हणायचे, "चला, वर जेवून घ्या."

"कुठे?"

"घरी. इथे जवळच, पहिल्या मजल्यावर. पॅकेजमध्ये आहे."

लोक बुचकळ्यात पडायचे. काही पळून जायचे. पण पुणेकर पॅकेजमधलं काही सोडत नाही, हे काकांना पक्कं माहीत होतं. नुकतीच लग्न झालेली जोडपी आली, मुलांना सुट्टीत कुठे न्यावं या विवंचनेतले वडील आले, ट्रिप ठरवायला आलेल्या शाळेतल्या बाई आल्या. काकू त्यांना वाढायच्या. आमटी वाढायची वेळ आली की मी पुढे व्हायचे, पोळी, भाकरी, पापड, चटणी त्यांचं. सांडायचं, पडायचं. काकूंचं लक्ष सगळं ताटांकडे. आणि पाहुणे हात धुवायला उठले की त्या स्वतःचं ताट घेऊन बसायच्या. एका जोडप्याने निघताना विचारलं, "काका, हे जेवण कुठल्या प्लॅनमध्ये येतं? वेबसाइटवर दिसलं नाही." काका म्हणाले, "वेबसाइटवर काहीच दिसत नाही."

हे मुलाच्या कानावर गेलं. एका शनिवारी तो बाणेरहून आला तेव्हा घरात दोन अनोळखी कुटुंबं जेवत होती. ती जाईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा, काय चाललंय हे? रस्त्यावरच्या कुणालाही घरात आणताय. दार उघडं, कपाटं उघडी. आई आजारी आहे. तुम्हाला काही वाटतं की नाही?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझी आई जेवते रे," ते म्हणाले.

तेवढ्यात काकू आतून पोळीचा डबा छातीशी धरून आल्या. "उभा का आहेस? बस. किती वाळलास," त्या म्हणाल्या आणि त्याच्यासमोर ताट ठेवलं. पोळी वाढताना हात हलला आणि पोळी त्याच्या पायाशी जमिनीवर पडली. तो दचकून उठायला लागला, त्यांच्या हातातला डबा घेण्यासाठी असेल. मग त्याने काकांकडे बघितलं, आणि खाली बसला. पडलेली पोळी उचलली, फुंकर मारली आणि ताटात घेतली.

"भाजी घाल ना अजून," तो म्हणाला.

काकूंनी वाढली. तो जेवायला लागला, मान खाली घालून, भराभरा, शाळेतून आलेल्या मुलासारखा. त्या त्याच्या ताटाकडे बघत उभ्या राहिल्या. मग फडताळातून दुसरं ताट काढलं आणि त्याच्या शेजारी, त्याचं व्हायची वाट न बघता, जेवायला बसल्या.